दारातला धूर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षा सुरू झाल्या की सकाळपासून दुपारपर्यंत त्याचं शटर ओढलेलं असतं, कारण समोरच्याच कॉलेजात केंद्र आहे. मुलंमुली फाटकाजवळ घोळक्यानं उभी असतात. कोणी पुस्तकात डोकं घातलेलं, कोणी डोळे मिटून नुसते ओठ हलवणारं. बुलढाण्याची हवा चैत्रातही सकाळी जरा गार असते आणि त्या गारव्यात कडुलिंबाच्या मोहराचा वास मिसळलेला असतो. मग घंटा होते. फाटक लागतं. रस्ता एकदम रिकामा होतो.

ती घंटा ऐकली की मला अजून भीती वाटते. पुढे मी स्वतः अर्थशास्त्र शिकवलं, प्रश्नपत्रिका काढल्या, वर्गातून पर्यवेक्षण करत हिंडले, तरी वाटते. केस पांढरे झाले, गुडघे गेले, पण ही भीती वीस वर्षांच्या मुलीचीच राहिली. दरवर्षी मोहराबरोबर ती येते आणि निकाल लागेपर्यंत मुक्काम करते.

यंदा तिच्या जोडीला दुसरंही काही आहे. माघात वंदू गेली. वंदू माझी सर्वांत धाकटी बहीण. ज्या परीक्षेची भीती माझ्या अंगात राहून गेली, त्याच परीक्षेत, पेपराच्या दिवशी, ती जन्मली होती. त्यामुळे एक आठवायला जावं तर दुसरं उठून बसतं.

तेव्हा आम्ही चिखलीला राहत होतो. महाराष्ट्र राज्य होऊन अजून दहा वर्षंही झाली नव्हती. गावात नवं कॉलेज निघालं होतं आणि त्याला स्वतःची इमारत नव्हती, म्हणून एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात वर्ग भरत. छपराच्या कैच्यांना जुना कापूस चिकटलेला होता. वारं सुटलं की त्याचे पुंजके सावकाश खाली येत, वहीवर, केसांवर, सरांच्या कोटावर. आम्ही तीन मुली पहिल्या बाकावर बसायचो आणि मागे वळून बघायचं नाही, हे आम्हाला कोणी न सांगता कळलेलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी मला कॉलेजात घातलं तेव्हा एकच सांगितलं होतं, "पास होशील तितकं शिक. एकदा नापास झालीस की मंग स्थळ पाहू." हे त्यांनी रागानं म्हटलेलं नव्हतं. ते फळ्यावर सुविचार लिहावा तसं बोलायचे. पण शेगावकडचं एक स्थळ येऊन बसलेलं होतं आणि मुलाकडचे निकालाची वाट पाहत होते, हे मला ठाऊक होतं. त्यांना माझ्या पास होण्यात रस नव्हता.

अर्थशास्त्र मी आवडीनं घेतलं होतं. वाटायचं, जगात जे चाललंय त्याच्या मागे काही नियम असतील आणि ते कळले की भीती कमी होईल. झालं उलट. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त पुस्तकात संत्र्यांच्या उदाहरणानं दिला होता. पहिलं संत्रं फार गोड, दुसरं जरा कमी, आणि असं करत करत एका संत्र्यापाशी नको वाटायला लागतं. वाचताना मजा वाटली. मग घरी आले, सगळी भावंडं ओळीनं जेवायला बसलेली आणि माय, म्हणजे माझी आई, टोपल्यात भाकरी उरते का बघत होती. मी घास घेतला आणि मनात आलं, आम्ही संत्री असतो तर कितव्यापाशी तिला नको वाटलं असतं? त्यानंतर त्या ओळीत मला नीट जेवता येईना.

सगळ्यांत भीती वाटायची ती लोकसंख्येच्या प्रकरणाची. ते शिकवणारे सर पुण्याकडून आलेले होते. शिकवायचे छान, पण आमचं बोलणं ऐकताना त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडायची. त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक अन्नधान्याची, हळूहळू चढणारी. दुसरी माणसांची, उभी वर गेलेली. दोन्हींमध्ये जी जागा राहिली तिच्यात त्यांनी खडूनं तिरप्या रेघा मारल्या आणि म्हणाले, "ही तफावत निसर्ग स्वतः भरून काढतो. दुष्काळ, रोगराई, युद्ध, बालमृत्यू. यांना नैसर्गिक नियंत्रणं म्हणायचं." मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "आपल्या वर्गाचंच पाहू. प्रत्येकानं उभं राहून आपण भावंडं किती ते सांगावं."

पहिला उठला तो धामणगाव बढ्याहून येणारा मुलगा. "सर, जिते सांगू का मेलेले बी धरू?"

वर्ग खदखदून हसला. सरांच्या कपाळावर आठी आली आणि गेली. "जिवंत," ते म्हणाले.

"मंग पाच. जन्मलो तं आठ होतो."

नंतरच्या मुलांनी आपण होऊनच तसं सांगायला सुरुवात केली. सहा, जन्मलो सात. चार, जन्मलो नऊ. हसू कमी कमी होत थांबलं. वरून कापसाचा एक पुंजका तरंगत आला आणि टेबलावर बसला. माझी पाळी आली तेव्हा मी उठून म्हटलं, "सहा."

"थांबा सर," मागून आवाज आला. आमच्याच गल्लीतला होता तो. "तिकडचं मोजनं अजून संपलं नाई."

पुन्हा हशा झाला. मी खाली बसले. वहीवरचा कापूस झटकत राहिले. मला ते माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. त्या काळी लग्नाच्या वयाची मुलगी घरात असताना आईला दिवस जाणं ही लाजेची गोष्ट होती. लेक उजवायची, तिच्या बाळंतपणाची तयारी करायची, त्या वयात माय स्वतःच बाळंतीण होते म्हणजे काय! त्यामुळे असं काही असलं की मोठ्या मुलीसमोर त्याचा उच्चार करत नसत. माय पदर वेगळा घ्यायला लागली होती. मी खोलीत आले की पाखडायचं सूप मांडीवर घेऊन बसायची. दाणे संपले तरी सूप खाली ठेवायची नाही. आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करत होते. एका छपराखाली आम्ही दोघी एकमेकींपासून तोंड चुकवत होतो.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे पाय सुजले होते. चेहरा पिवळा पडला होता. आणि फळ्यावरच्या त्या तिरप्या रेघा माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

त्या भीतीला आणखी एक जुनं कारण होतं.

मी लहान होते तेव्हा माझी मावशी बाळंतपणाला धामणगाव बढ्याला आलेली. तिथे माझं आजोळ. मला मामानं बैलगाडीतून नेलं होतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या दारात गोवऱ्यांचा विस्तव घालून ठेवत. बाहेरून येणाऱ्यानं त्यावर पाय शेकायचे, मगच आत जायचं. विस्तवावर मधूनमधून ओवा टाकत. दारात कडुलिंबाचा डहाळा आणि असा धूर दिसला की पोरासोरांनाही कळायचं. गाडी गल्लीत वळली आणि मला आजोळच्या दारात धूर दिसला. मी चालत्या गाडीतून उडी मारली आणि धावत सुटले. "बाळ झालं! मावशीले बाळ झालं!" माझा आवाज सगळ्या गल्लीत गेला असेल. दारात माणसं बसली होती. कोणी मला अडवलं नाही. मी अगदी जवळ गेले तेव्हा दिसलं, विस्तवाशेजारी मडकं ठेवलेलं होतं, शिंकाळं बांधून, मावशीच्या तिरडीपुढे धरायला. गोवऱ्या त्याच होत्या. धूरही तसाच. मामा मागून धावत आला, त्यानं मला उचललं आणि माझं तोंड त्याच्या खांद्यात दाबून धरलं.

तेव्हापासून मी दारातल्या धुराला भिते.

पेपराचं केंद्र बुलढाण्याला होतं. सकाळच्या एस.टी.नं जायचं आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं. सिद्धान्तांच्या पेपराच्या सकाळी मी उठले तर माय चुलीपाशी होती. एक हात चुलीकडे, एक दाराच्या चौकटीवर. चौकटीवरच्या हाताची बोटं पांढरी झाली होती. शेजारच्या जनाकाकू नेसूचं खोचून आत आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, "तू अजून घरातच? मोटर जाईन ना!"

"माय," मी म्हटलं, "मी थांबू का?"

कळ जाईपर्यंत तिला थांबावं लागलं. मग म्हणाली, "थांबून काय करशीन? कुवाऱ्या पोरीचं काम नाई इथं. जाय."

"पण..."

"बरंच झालं बाई, आजच पेपर आला," जनाकाकू म्हणाल्या. "तेवढंच घरात नसशीन."

मायनं माझ्याकडे न बघता विचारलं, "डबा घेतला? सांभाळून जाजो."

मी शिकावं म्हणून तिनं मला त्या दिवशी घालवलं, असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. पण तसं नव्हतं. मी तिथे असणं तिला लाजेचं होतं. परीक्षा नसती तर तिनं मला जनाकाकूंच्या घरी नेऊन बसवलं असतं. बाहेर नाना ओट्यावर वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. मी पाया पडले तर म्हणाले, "घाई करू नको. प्रश्न आधी वाच." नंतर ते वर्तमानपत्राच्या आड गेले.

मोटारीत मी पुस्तक उघडलं होतं पण अक्षर लागत नव्हतं. दोन्ही बाजूंची रानं मोकळी झाली होती. कपाशीच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, कुठे उपटून ढीग घातलेले. मोटार थांबली की मला वाटे, उतरावं आणि उलट धावत जावं. जाऊन काय करणार होते? मला आत घेतलंच नसतं. पेपर सोडला तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की शेगावकडची माणसं उंबऱ्याशी. पेपर द्यावा तर घरी काय होईल ते मला सगळ्यांच्या शेवटी कळणार. मी मोटारीतून हलले नाही. तो काही निश्चय नव्हता. मोटार एकेका थांब्यावरून सुटत गेली, एवढंच.

प्रश्नपत्रिका हातात आली. नानांनी सांगितलं होतं म्हणून आधी सगळी वाचली. लोकसंख्येचा सिद्धान्त स्पष्ट करून त्याचं टीकात्मक परीक्षण करा, हा प्रश्न पहिलाच होता. येणार हे माहीतच होतं. दोन रेघा काढल्या. त्यातली वरची रेघ मधेच वाकडी झाली. मग लिहायचं आलं, नैसर्गिक नियंत्रणं कोणती. दुष्काळ लिहिलं. रोगराई लिहिलं. पुढचा शब्द लिहायला टाक दौतीत बुडवला आणि तो हातातच राहिला. टाकातला थेंब कागदावर पडून पसरत गेला. तो शब्द मी लिहिला तर तिकडे तसंच होईल, असं मला वाटलं. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी होते मी, पण वाटलं खरं. मी तो शब्द लिहिला नाही. त्याच्या जागी "इत्यादी" लिहिलं.

सिद्धान्तावरचे पाच आक्षेप मी पाठ केले होते. चार आठवले. पाचवा काही केल्या आठवेना. पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर यायचं, त्यावरचा शाईचा डाग दिसायचा, ओळ तेवढी दिसायची नाही. पर्यवेक्षक म्हातारे होते. ते माझ्या बाकापाशी थांबून हळूच म्हणाले, "बाई, पाणी देऊ का?" मी नको म्हणून मान हलवली. पुढचे प्रश्न मी कसे लिहिले ते आठवत नाही. पैशाच्या चलनवेगावर काहीतरी होतं.

परतीच्या गाडीत मी तोंड खिडकीकडे करून बसले होते. तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, "काऊन रडून राह्यली बाई? पेपर भारी गेला काय? अवो, राहिला तं पुन्हा देजो. मोटर आपलीच हाये, कुठी जाते!" गाडीतली चार माणसं हसली. मीही ओठ ताणले असतील. त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याच्यासारखं बोलता येत असतं तर बरं झालं असतं, असंच वाटलं.

स्टँडवरून घराकडे येताना ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर त्याच उन्हाळ्यात कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता, शेजारी हसरी आई, हसरा बाप, दोन मुलं. मी मान खाली घालून त्यांच्यासमोरून गेले. गल्लीचं वळण आलं. मी वळले आणि थांबले.

आमच्या दारात धूर होता.

मी तिथून हलू शकले नाही. ओट्यावर नाना बसले होते, सोबत दोघंतिघं. सगळे खाली बघत होते, किंवा मला तसं वाटलं. वारा माझ्याकडून तिकडे जात होता, त्यामुळे वास येत नव्हता. दारावर डहाळा आहे का, ते धुरात दिसत नव्हतं. विस्तवाच्या बाजूला काहीतरी ठेवलेलं होतं. मडकंही असेल, पाण्याचा तांब्याही असेल. एकदा मी धावले होते. आता मी धावणार नव्हते. मला वाटलं, जोवर मी इथे उभी आहे तोवर दोन्ही शक्य आहे. मी पाऊल टाकलं की एकच राहील. पोटाशी पुस्तक धरून, डोक्यावर ऊन घेऊन मी त्या वळणावर उभी होते. आजवर इतकी भीती मला कशाचीच वाटलेली नाही. वंदूच्या आजाराचीसुद्धा नाही.

मग कशी तरी चालत गेले. विस्तवापर्यंत आले तेव्हा वारा फिरला आणि सगळा धूर माझ्या अंगावर आला. डोळे चुरचुरले, काही दिसेनासं झालं. त्या धुरात ओव्याचा वास होता. मला तो कळला, पण खरा वाटेना. मी तिथेच उभी राहिले. आणि आतून मायचा आवाज आला, ओढलेला, बारीक, पण नेहमीच्या कावलेपणानं भरलेला:

"धुरात काऊन उभी राह्यली वं? डोळे जातीन ना तुये!"

नाना तेव्हा वर बघून म्हणाले, "बहीण झाली तुला." आणि मग, "प्रश्न आधी वाचले होतेस ना?"

मी पाय शेकले. जनाकाकूंनी उंबऱ्याच्या आतूनच गाठोडं माझ्या हातात दिलं. बाळाचं तोंड लाल होतं, मिटलेलं. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्याकडे वळली नाही, पण विचारलं, "पेपरात काय इचारलं?"

मी म्हटलं, "माणसं किती झाली म्हणजे पुरे, ते विचारलं."

भिंतीकडचे खांदे हलू लागले. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती, कळ येत होती तरी हसत होती. "मंग," ती म्हणाली, "तूनं काय लिवलं?"

"थोडं राहून गेलं," मी म्हटलं.

मी पास झाले, अगदी काठावर. नानांनी निकाल दोनदा पाहिला आणि शेगावकडे नकार कळवला. पुढचं वर्ष मी वंदूच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून अभ्यास केला. सार्वजनिक आयव्ययाचं अख्खं पुस्तक त्या हेलकाव्यावर वाचून झालं. प्रत्यक्ष कर आला की पाळणा इकडे, अप्रत्यक्ष कर आला की तिकडे. माय पुन्हा कधी पहिल्यासारखी झाली नाही. वंदूला न्हाऊ घालणं, भरवणं, शाळेत घालणं, सगळं माझ्याकडे आलं, आणि मी नोकरीला लागून बुलढाण्याला आल्यावर मायचं सगळं वंदूकडे गेलं. तिनं गावातलाच नवरा केला आणि मायच्याच घरात राहिली. शेवटच्या दिवसांत माय तोंड उघडायची नाही. वंदू तिच्या हनुवटीला एक हात लावायची आणि दुसऱ्या हातानं चमच्यानं पेज घालायची, बोलत बोलत, रागावत. एकदा मी दारातून ते बघत होते आणि एकाएकी तो पाचवा आक्षेप आठवला. माणूस खाणारं तोंड घेऊन येतो, एवढंच हा सिद्धान्त धरतो. तो हात घेऊन येतो, हे विसरतो. तोवर मी तो आक्षेप शेकडो मुलांना शिकवलेला होता. पण त्या पेपरात हरवलेला तोच हे मला तोपर्यंत कधी उमगलं नव्हतं.

मी एकदा वंदूला सगळं सांगितलं. तो वर्ग, त्या रेघा, तो शब्द न लिहिणं. ती पोट धरून हसली. म्हणाली, "म्हंजे ताई, मी इत्यादीतली!" नंतर फोनवरही तेच. मी विचारायचे, "कोन बोलून राह्यलं?" "मी. इत्यादी."

तिचं बोलणं मायसारखं होतं. चेहरा नानांचा, पण आवाज मायचा. मी चिखलीला गेले आणि चुलीपुढे किंवा अंगणात पाचोळा पेटवलेला असताना तिथे रेंगाळले, की आतून हमखास ओरडायची, "धुरात काऊन उभी राह्यली? डोळे जातीन तुये!" तिला माहीत नव्हतं की हे शब्द तिच्या जन्माच्या दिवसाचे आहेत. तेवढं मात्र मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं ते मुद्दाम म्हटलं असतं, आणि मला ते तसंच, न कळत म्हटलेलं हवं होतं.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. दारात विस्तव घालून पाय शेकायचं आता कोणाला माहीत नाही. गल्लीत धूर दिसला तर आताची मुलं वळणावर थांबत नाहीत. त्यांना विचार पडत नाही. माघात मी स्टँडवरून गेले तेव्हा वंदूचा मुलगा न्यायला आला होता. मला सगळं कळलेलं होतं, फोन आलेला होता, तरी वळणावर माझे पाय थांबले. दारात धूर होता. वारा माझ्याकडून तिकडे जात होता. मुलगा म्हणाला, "चला ना मावशी." मी म्हटलं, "थांब जरा." त्याला वाटलं, मला दम लागलाय.

मग गेले. विस्तवापाशी आले आणि वारा फिरून धूर अंगावर आला. मी नाकानं ओवा शोधत राहिले. लोकांनी बाजूला होऊन मला वाट करून दिली, कोणीतरी खुर्ची आणली, कोणीतरी पाणी. सगळे फार जपून वागत होते. मी तिथेच, धुरात उभी होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी आत कान लावला होता.

आतून कोणी रागावलं नाही.